बटण एक, टिचक्या दोन

यंत्रावरची बटणे कमी केली की यंत्र सोपे होते, हा समज आता इतका रूढ झाला आहे, की त्याविरुद्ध बोलणारा मनुष्य जुनाट ठरतो. संगणकाबरोबर मुठीत मावणारा जो माउस मिळतो, त्यावर एक बटण असावे, दोन असावीत की तीन, हा वाद गेली चाळीस वर्षे चालू आहे. त्यात एका बटणाची बाजू घेणारे स्वतःस साधेपणाचे उपासक म्हणवितात आणि इतरांस गुंतागुंतीचे भोक्ते ठरवून मोकळे होतात. बेंगळूर शहरात या उपासकांची वाण नाही. त्यांच्या मांडीवरच्या चकचकीत संगणकावर तर आता बटण असे काही दिसतच नाही. नुसती एक गुळगुळीत पाटी असते, आणि तिच्यावर किती बोटे टेकवली असता काय घडते, हे ज्याचे त्याने गुरुमुखातून शिकावयाचे असते. या पंथाशी माझा मुळातूनच विरोध आहे. बटण कमी केल्याने काम कमी होत नाही. ते यंत्राच्या अंगावरून उचलून माणसाच्या अंगावर टाकले जाते. आणि ज्याच्या अंगावर ते पडते तो बहुधा यंत्र घडविणारा नसतो. दिवसाचे आठ तास त्या यंत्रापुढे बसणारा असतो.

वाङ्मयाला वाहिलेल्या नियतकालिकात हा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. त्यावर माझे उत्तर असे, की या प्रश्नाचा कडू अनुभव ज्यांनी घेतला आहे त्यांत देवनागरी लिहिणारे आपण आहोत. यंत्राला कळा पुरत नाहीत म्हणून वर्णमालेचे हातपाय तोडावेत काय, या प्रश्नावर महाराष्ट्रात एक अख्खी पिढी भांडली आहे. मराठीत यंत्राच्या बटणालाही कळ म्हणतात आणि दुखण्यालाही कळच म्हणतात. हा निव्वळ योगायोग असेल. जुन्या टंकलेखकांना मात्र तो तसा वाटत नसे. त्या भांडणाकडे मी पुढे वळणारच आहे. आधी माउसची हकीकत सांगणे प्राप्त आहे.

डग्लस एंगलबार्ट आणि त्याचा सहकारी बिल इंग्लिश यांनी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत १९६४ साली पहिला माउस तयार केला. तो एक लाकडी ठोकळा होता. खाली काटकोनात बसविलेली दोन चाके आणि वर एक बटण. चार वर्षांनी, ९ डिसेंबर १९६८ रोजी, सान फ्रान्सिस्को येथे एंगलबार्टने आपल्या यंत्रणेचे सुप्रसिद्ध प्रात्यक्षिक केले तेव्हा बटणे तीन झाली होती. तीनच का, तर त्या ठोकळ्यात तेवढीच मावत होती. शिवाय डाव्या हाताखाली त्याने पाच कळांची एक निराळी पट्टी ठेवली होती. निरनिराळ्या कळा एकदम दाबून तिच्यावर एकतीस खुणा करता येत. मनुष्य शिकू शकतो आणि शिकण्यात त्याचे काही बिघडत नाही, अशी या गृहस्थाची श्रद्धा होती. तो सायकल आणि तीनचाकी यांचा दाखला देत असे. तीनचाकीवर पहिल्या दिवशी बसता येते हे खरे. परंतु तेवढ्यासाठी कोणी जन्मभर तीनचाकीच चालवीत नाही.

झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ साली आल्टो नावाचा संगणक झाला. त्याच्या माउसलाही तीन बटणे होती. त्याच केंद्रातील स्मॉलटॉक या प्रणालीत त्या बटणांना तांबडे, पिवळे आणि निळे अशी नावे दिलेली आहेत. तीन बटणांत घोटाळा होतो ना, मग त्यांना नावे द्या, असा हा सरळ विचार. पुढे कचेऱ्यांसाठी स्टार हा संगणक १९८१ साली बाजारात आणण्यापूर्वी त्या मंडळींनी मजकूर निवडण्याच्या अनेक पद्धती माणसांकडून प्रत्यक्ष करवून पाहिल्या, लागलेला वेळ आणि झालेल्या चुका मोजल्या, आणि शेवटी दोन बटणांवर येऊन थांबले. मते बाजूला ठेवून माणसांना विचारण्याची ही रीत मला आदरणीय वाटते.

एक बटण आले ते ॲपलच्या लिसा या संगणकाबरोबर, १९८३ साली. पुढल्याच वर्षी मॅकिंटॉशने ते घरोघर नेले. या एका बटणाचा आग्रह धरणाऱ्यांत लॅरी टेस्लर हा प्रमुख होता. कापणे, उतरवणे आणि चिकटवणे ही जी त्रयी आज आपण सर्वजण वापरतो तिच्या जनकांपैकी तो एक. तेव्हा त्याला अडाणी म्हणण्याची सोय नाही. त्याचे म्हणणे असे, की नवशिक्या माणसापुढे दोन बटणे ठेवली की तो पडद्यावरची नजर काढून हाताकडे पाहतो आणि कोणते दाबू म्हणून अडखळतो. एकच असेल तर अडखळण्याचे कारणच उरत नाही. हे निरीक्षण खोटे नाही. मीही अशी माणसे अडखळताना पाहिली आहेत.

येथपर्यंत तक्रारीला जागा नव्हती. परंतु कामे दोन आणि बटण एक, याची मिळवणी कशी करावयाची? वस्तूवर बोट ठेवणे हे एक काम आणि ती वस्तू उघडणे हे दुसरे. तेव्हा ठरले, की एकदा दाबले तर बोट ठेवले असे समजावे आणि लागोपाठ दोनदा दाबले तर उघडावे. इंग्रजीत ज्याला क्लिक म्हणतात त्याला आपल्याकडे टिचकी हा गोड शब्द रूढ होऊ पाहत आहे. त्या शब्दात सांगावयाचे तर बटण एक राहिले आणि टिचक्या दोन झाल्या. पुढे तेवढ्यानेही भागेना. मग शिफ्टची कळ दाबून टिचकी आली, ऑप्शनची कळ दाबून टिचकी आली. आणि १९९७ साली मॅक ओएस आठमध्ये वस्तूगणिक उघडणारी यादी आली, तेव्हा ती पाहण्यासाठी कंट्रोलची कळ धरून टिचकी मारावी असा नियम झाला. उजव्या हाताचे एक बटण वाचविले आणि त्यापायी डाव्या हाताला कामाला लावले! एकाच पातेल्यात सकाळी दूध तापवावयाचे, दुपारी आमटी करावयाची आणि रात्री त्यातच ताक घुसळावयाचे, असे व्रत घेतलेल्या गृहिणीच्या फळीवर भांडी थोडी दिसतील यात संशय नाही. तिचा दिवस मात्र पातेले घासण्यात जाईल. दरम्यान १९९५ च्या विंडोजने हीच यादी उजव्या बटणाला देऊन टाकली होती, आणि लक्षावधी कारकुनांना ती कोणी व्याख्यान न देता सापडली. शेवटी २००५ साली ॲपलनेही एकाहून अधिक कामे करणारा माउस काढला. परंतु दुसरे बटण वर दिसू द्यावयाचे नाही हा हट्ट कायम. ते कवचाच्या आत लपलेले, आणि आधी सेटिंगमध्ये जाऊन जागे केल्याशिवाय उठणार नाही असे. दुसरे बटण लागते हे तर मान्य करावयाचे, आणि ते आहे हे कोणास दिसू मात्र द्यावयाचे नाही, याला साधेपणा म्हणावे की संकोच?

आता दोन टिचक्यांविषयी थोडे अधिक. त्या लागोपाठ मारावयाच्या म्हणजे किती लागोपाठ, हे मनुष्य ठरवीत नाही, यंत्र ठरविते. विंडोजमध्ये मूळची मुदत पाचशे मिलिसेकंदांची, म्हणजे अर्ध्या सेकंदाची असते. दुसरी टिचकी त्याच्या आत पडली तर फाइल उघडते; उशिरा पडली तर यंत्र त्या दोन निरनिराळ्या टिचक्या समजते, आणि कधी कधी फाइलचे नाव बदलावयाचे आहे काय, असे विचारीत बसते. दोन टिचक्यांच्या मध्ये हात केसभर सरकला तर निराळेच काही होते. तरुण बोटांना यात काहीच वाटत नाही. ज्यांची बोटे तीस वर्षे टपालाच्या पिशव्या बांधण्यात आणि फायलींचे गठ्ठे वाहण्यात गेली, त्यांच्यासाठी ही अर्ध्या सेकंदाची परीक्षा रोज शंभर वेळा होते.

आमच्या कार्यालयात असे एक वडीलधारे सहकारी आहेत. चतुर्थ श्रेणीत शिपाई म्हणून लागले; सहाव्या वेतन आयोगानंतर ती श्रेणीच मोडीत निघाली आणि त्यांचे पदनाम मल्टी टास्किंग स्टाफ असे झाले; पुढे खात्याची परीक्षा देऊन ते कारकून झाले. पन्नाशी उलटलेली, भाषा कन्नड, अक्षर मोत्यासारखे. संगणकाच्या सर्व टिचक्या त्यांनी एका वहीत उतरवून ठेवल्या आहेत : ‘एडक्के एरडु, बलक्के ओंदु’, म्हणजे डावे दोनदा, उजवे एकदा. कोठे कोणते, याची पाने भरली आहेत. कारण पडद्यावरच्या चित्राला दोन टिचक्या लागतात, तर न्याहाळकात उघडणाऱ्या कार्यालयीन पानावरच्या दुव्याला एकच. आणि तेथे सवयीने दोनदा दाबले गेले तर तोच अर्ज दोनदा दाखल होण्याची भीती. आम्हांला शिकवायला आलेल्या एका तरुण प्रशिक्षकाने ती वही उचलून हसत सांगितले, की एवढी सोपी गोष्ट ज्यांना लिहून घ्यावी लागते त्यांनी आता निवृत्तीची वाट पाहावी. ते गृहस्थ काही बोलले नाहीत. वही मात्र त्यांनी त्या दिवसापासून खणात ठेवून कुलूप लावली. माझा मुद्दा असा, की त्या वहीचे प्रत्येक पान यंत्र घडविणाऱ्यांच्या काटकसरीचे बिल आहे. उजव्या बटणाविषयी तिच्यात एकच ओळ आहे. पाने भरली आहेत ती डाव्या बटणाच्या एकदा आणि दोनदाच्या भेदाने. ज्या बटणाला एकच अर्थ आहे ते त्यांना पहिल्या दिवशी कळले. ज्याला दोन अर्थ आहेत, त्यासाठी वही करावी लागली.

आता आपल्या लिपीची गोष्ट. देवनागरी टंकयंत्राच्या रेमिंग्टन रचनेत कळांची टंचाई होती आणि ती लोखंडाची टंचाई होती. तिच्याशी वाद घालता येत नव्हता. त्यावर तोड निघाली ती अशी, की ख, घ, ण, थ, ध, भ, श, ष ही अक्षरे पूर्ण ठेवावयाचीच नाहीत. त्यांची अर्धी रूपे ठेवावयाची आणि पुढे काना मारून अक्षर पुरे करावयाचे. म्हणजे ‘भाषा’ हा शब्द लिहिताना भच्या अर्ध्या रूपाला एक काना अक्षर पुरे करण्यासाठी, दुसरा काना आकारासाठी, षचेही तसेच. दोन अक्षरांना सहा ठोके! माउसच्या दोन टिचक्यांची ही थोरली बहीणच म्हणावयाची. यंत्राने आठ-दहा कळा वाचविल्या, आणि त्यांची किंमत देशभरच्या टंकलेखकांनी करंगळ्यांनी चुकती केली.

बोटांवर भागत नाही असे दिसले तेव्हा लिपीवर पाळी आली. मुद्रण आणि टंकलेखन सुलभ व्हावे म्हणून सावरकरांनी अ-ची बाराखडी पुरस्कारिली; अि, अी, अु असे लिहावे म्हणजे स्वतंत्र स्वरांचे ठसे वाचतात. काकासाहेब कालेलकरही याच मताचे. ‘किर्लोस्कर’ मासिकाने तर ही लिपी वर्षानुवर्षे छापून दाखविली. १९५३ साली लखनौ येथे भरलेल्या परिषदेने ऱ्हस्व इकाराची वेलांटी अक्षराच्या उजवीकडे नेण्याचे ठरविले. लोकांच्या डोळ्यांना ते मानवेना आणि थोड्याच वर्षांत तो निर्णय फिरवावा लागला. या थोर मंडळींच्या हेतूविषयी शंका घेण्याचे मला कारण दिसत नाही. त्यांच्यापुढे खरोखरीच ठशांच्या खणांची आणि कळांच्या दांड्यांची अडचण होती. परंतु आज मागे वळून पाहता काय दिसते? कळा कमी म्हणून इ, ई, उ, ऊ यांना निरोप देण्यास आपण निघालो होतो, आणि संगणक येताच त्यांतल्या एकाही अक्षराला जाण्याचे कारण उरले नाही. उलट २००८ साली ॲ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली. ‘सुऱ्या’ आणि ‘सूर्या’ यांतला भेद दाखविणारा आपला ऱ तेथे आधीपासूनच होता. गंमत अशी, की युनिकोडमध्ये तो मुळात द्राविडी भाषांतील कठोर र दाखविण्यासाठी आला. कानडी मुलखात बसून मराठी टंकित करणाऱ्या मला त्याची कळ दाबताना शेजाऱ्याकडून वाटीभर साखर आणल्यासारखे वाटते. सांगावयाचे ते एवढेच, की लोखंडाच्या अडचणीत सापडलेल्या माणसांनी काटकसर केली तर ती क्षम्य आहे. माउसला अशी कोणती अडचण आहे? एक बटण अधिक बसविण्यास ना जागा लागते, ना सांगण्याजोगा पैसा. ही काटकसर गरजेतून आलेली नसून मतातून आलेली आहे; आणि मताची किंमत दुसऱ्याने का द्यावी?

बटणांचा प्रश्न शहाणपणाने कसा सोडवावा, याचे उदाहरण पाहण्यासाठी आम्हां येलहंकावासीयांना कॅलिफोर्नियास जाण्याची आवश्यकता नाही. येथून फार दूर नसलेल्या जालहळ्ळीस भारत इलेक्ट्रॉनिक्सचा कारखाना आहे. मतदानयंत्रे तयार करणाऱ्या देशातील दोन सरकारी कंपन्यांपैकी ही एक, दुसरी हैदराबादची. त्या यंत्राच्या मतपत्रिकेच्या भागावर सोळा निळी बटणे असतात. एक उमेदवार, एक बटण. शेजारी नाव, शेजारी चिन्ह, दृष्टिहीनांसाठी ब्रेल. उमेदवार एका पेटीत मावले नाहीत तर दुसरी पेटी जोडतात. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय आला तेव्हा त्यालाही स्वतःचे बटण मिळाले. एकच सुंदर बटण ठेवू, एकदा दाबले तर पहिला, अर्ध्या सेकंदात दोनदा दाबले तर दुसरा, आणि दाबून धरले तर कोणीही नाही, असे कोणा साधेपणाच्या उपासकाने निवडणूक आयोगास सुचविल्याचे ऐकिवात नाही. सही करता न येणारी म्हातारीही त्या यंत्रापुढे अडत नाही. सोळा बटणे पाहून ती गोंधळत नाही, कारण प्रत्येक बटण आपण कोण ते सांगत असते. गोंधळ बटणांच्या संख्येने होत नाही, त्यांच्या अबोलपणाने होतो. कळीचा मुद्दा काय तो हा.

एक आक्षेप मात्र मला मान्य केला पाहिजे. एका बटणाच्या माउसला डावे-उजवे नसते. डावखोऱ्या माणसाला तो जसाच्या तसा चालतो. दोन बटणे आली की उजव्या हाताच्या जगाचा पक्षपात त्यांच्याबरोबर येतो. यावर उपाय आहे. बटणांची अदलाबदल करण्याची सोय प्रत्येक संगणकात असते. परंतु ज्या कार्यालयात एका संगणकावर दोघे-तिघे पाळीपाळीने बसतात, तेथे ही सोय रोजच्या कटकटीची होते, हेही खरे. एका बटणाच्या बाजूने मला मनापासून पटलेला असा हा एकच युक्तिवाद. आणि नवल असे, की त्या पंथाच्या लोकांच्या तोंडून तो मी क्वचितच ऐकला आहे. त्यांचा सगळा भर नवशिक्याच्या अडखळण्यावर. आता नवशिका किती दिवस नवशिका राहतो? आठवडा म्हणा, महिना म्हणा. त्याची सोय पाहून घडविलेले हत्यार त्याच्या हाती तीस वर्षे राहावयाचे असते. सुतार आपल्या उमेदवाराला पहिल्या दिवशी रंधा देत नाही. म्हणून रंध्याचे पातेच काढून टाकावे, असेही तो म्हणत नाही.

मग बटणे किती असावीत? दोन, आणि त्यांच्यामध्ये चाक. तिसरे बटण त्या चाकाखाली असते ते असू द्यावे; युनिक्सच्या वंशातील संगणकांवर निवडलेला मजकूर त्या एका दाबाने दुसरीकडे उतरतो, आणि एकदा त्याची सवय जडलेला मनुष्य ती सोडीत नाही. चौथे-पाचवे ज्याला हवे त्याने आपल्या पैशाने घ्यावे. परंतु जी असतील ती डोळ्यांना दिसली पाहिजेत, बोटांना वेगळी लागली पाहिजेत आणि दाबली गेल्याचा आवाज त्यांनी केला पाहिजे. सरकारी खरेदीच्या पत्रकात माउसच्या रकमेपुढे रंग आणि तारेची लांबी आवर्जून लिहिलेली मी पाहिली आहे. बटणांविषयी एखादी ओळ तेथे घातली तर तिजोरीवर भार पडणार नाही.

दोन टिचक्यांची पद्धत काही उद्या जात नाही. तोवर कोणास उपयोगी पडेल म्हणून सांगून ठेवतो : विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये माउस या नावाखाली एक लहानशी पट्टी आहे, तिचे एक टोक ‘स्लो’, दुसरे ‘फास्ट’. काटा ‘स्लो’कडे नेला म्हणजे अर्ध्या सेकंदाची मुदत वाढते. आमच्या खोलीतील चार ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या संगणकांवर तो काटा मी त्यांच्यासमक्ष सरकवून दिला. त्यास आता सात महिने होतील. तो परत ओढण्याची गरज अजून त्यांच्यापैकी कोणासही वाटलेली नाही.